कोक-जारमधली सोबत

२९ ऑगस्ट

कोक-जारला पोहोचले. ओशहून निघालेली जीप खिंडीच्या अलीकडे दोनदा तापली. सीमेवरच्या शिपायाने पासपोर्ट चाळत विचारलं, "तिकडची माणसं आपल्याकडे यायला निघालीत आणि तुम्ही तिकडे?" शाळेत शिकवायला, म्हटलं. त्याने मान हलवली आणि शिक्का मारला.

खिंडीत सगळ्यांची डोकी दुखायला लागली. एक बाई ओकली. मला काही झालं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "एजे, तुम्ही डोंगरातल्या दिसता." नारिनकडची आहे म्हटल्यावर खूश झाला. इथेही मला एजेच म्हणतात. बाईंना थोरली बहीण करून टाकायची पद्धत तीच, भाषाही तीच. फक्त देश ताजिकिस्तान. म्हणूनच पाठवलंय. इथल्या किरगीझ मुलांना किरगीझ शिकवायला माणूस नाही, एक वर्ष कोण जाईल, असं आमच्या शाळेत विचारलं तेव्हा सगळ्याजणी खिडकीबाहेर बघायला लागल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बुरुल जाईल." मी नाही म्हटलं नाही.

खोली शाळेच्या भिंतीला लागूनच आहे. एक खिडकी, एक लोखंडी चूल, दोन गाद्या. एक पुरे, असं मी म्हटलं. मुख्याध्यापक सातारकुल यांची बायको झूराकान म्हणाली, "राहू दे गं. लागते."

१ सप्टेंबर

शाळा सुरू झाली. चारही इयत्ता एकाच खोलीत बसतात. मुली पांढरे गोंडे लावून आल्या होत्या. वाऱ्याने गोंडे उडाले, ते पकडायला अर्धी शाळा माळावर पळाली. भिंतीवरचं घड्याळ राजधानीच्या वेळेवर चालतं आणि गाव आमच्या बिश्केकच्या वेळेवर. त्यामुळे मुलं तासभर आधी येऊन दारात उभी राहतात. सातारकुल आगाय म्हणाले, "घड्याळ सरकारचं, मुलं आईबापांची. मी कोणाला काय सांगू?" आगाय म्हणजे इथे मास्तर. उंच, वाकलेले, हळू बोलणारे. गणित आणि ताजिक तेच शिकवतात. बाकी सगळं माझ्याकडे.

पुस्तकं मी आमच्याकडचीच आणलीत. पहिल्याच धड्यात सफरचंदाचं झाड आहे. गुलसून नावाची तिसरीतली मुलगी उठून म्हणाली, "एजे, वारा सुटला की झाड कुठे जातं?"

"कुठे जात नाही. उभंच असतं."

"रात्रीसुद्धा?"

इथे झाड नाही. एकही नाही. मी पुढचा धडा घेतला.

४ सप्टेंबर

संध्याकाळी दार वाजलं. पहिलीतली उल्कान उभी होती, काखेत उशी. "आमच्याकडे मावशी आलीये. जागा नाही. आईने सांगितलं, एजेंकडे झोप."

आत घेतलं. ती दुसऱ्या गादीवर झोपली. झोपेत बोलते.

९ सप्टेंबर

उल्कान चार दिवस आली. काल तिची मावशी गेली असावी, कारण काल गुलसून आली. तिच्या घराचं छत दुरुस्त करतायत म्हणे. आज चौथीतली दोघं बहीण-भाऊ. त्यांच्याकडे बाप पाहुणे घेऊन आलाय.

घरं फारच लहान आहेत इथली. एका खोलीत सगळे. याबद्दल आगायांशी बोलायला हवं.

२२ सप्टेंबर

आगायांशी बोलले. म्हटलं, मुलं रोज कोणाकडे ना कोणाकडे झोपायला जातात, त्यांच्या अभ्यासाचं काय होणार? जिल्ह्याच्या कचेरीला घरांबद्दल लिहा. आगाय गोवऱ्या रचत होते. हातातली गोवरी तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लिहितो." आत झूराकानला खोकला आला. खोकला नव्हता, हसू होतं बहुतेक. काय हसण्यासारखं होतं ते समजलं नाही.

त्यांच्या घरी झूराकानची आई राहते, ऐमखान आजी. चुलीजवळ लोकरीच्या जाड नमद्यावर बसून असते. डोळ्यांना नीट दिसत नाही, तोंड मात्र नीट चालतं. मिठाच्या चहाचा वाडगा माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुमच्या देशात मीठ महाग झालंय का गं?"

"नाही, आजी. का?"

"चेहऱ्यावर थोडं टाकून घे. अळणी दिसतेस."

झूराकान ओरडली, "आई!" म्हातारी म्हणाली, "आंधळीला दिसतं ते सांगते, त्यात काय चुकलं?"

११ ऑक्टोबर

टेकडीवर चढलं की फोन लागतो. नवऱ्याला, केंजेबेकला, फोन केला.

"कशी आहेस?"

"बरी. तू?"

"बरा. ट्रकचा क्लच गेला होता."

"मग?"

"टाकला नवा."

वारा फार होता. त्याला वाटलं फोन कट झाला, त्याने ठेवला. परत लावला नाही. खाली येताना पायात खडा गेला होता. खोलीत येऊन बूट काढला तेव्हा मोजा रक्ताने चिकटला होता. चालताना लागलं नव्हतं.

३ नोव्हेंबर

बर्फ. नदी कडेने गोठली. मुलांना घरच्या माणसांबद्दल पाच वाक्यं लिहायला दिली. लिहून झाल्यावर गुलसूनने विचारलं, "एजे, तुमच्या घरचं सांगा ना. तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगी. मीरगुल."

"कुठे असते?"

"घरी."

"किती मोठी?"

"एकोणीस."

खोटं काही नव्हतं. घरापासून वरच्या अंगाला टेकडीवर आहे ती, आणि एकोणीसचीच राहणार आहे. मागच्या मार्चमध्ये बिश्केकच्या वसतिगृहात ताप आला. मैत्रिणींना वाटलं सर्दी. तिसऱ्या दिवशी मला फोन आला तेव्हा मी चौथीच्या वह्या तपासत होते. उरलेल्या तपासून मग निघाले, कारण बस संध्याकाळची होती.

ती शाळेतली बाईच होणार होती, माझ्यासारखी. दुसऱ्या वर्षाला होती.

दफनाच्या दिवशी मी रडले नाही. तंबूत बायका कमरेवर हात ठेवून आक्रोश करत होत्या, मी त्यांच्यात बसून होते. तोंड उघडायचं, पण आत काही नव्हतं. सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "दगड आहे दगड." मला रागही आला नाही. दगडाबद्दल बोलत असावी असंच वाटलं.

इथे हे कोणाला माहीत नाही. सातारकुल आगायांनी माझ्या कागदांत वाचलं असेल, पण ते कोणाला सांगणाऱ्यातले नाहीत. तेवढं एक बरं आहे.

आज गुलसूनच झोपायला आली. छत अजून झालेलं नाही. नोव्हेंबरपर्यंत छत उघडं ठेवणारी माणसं मी पहिल्यांदाच बघतेय.

२० नोव्हेंबर

उल्कानला वाचता येत नाही. बाकीची पहिली पुढे गेली, ती अजून अक्षरं उलटी काढते. शांतपणे दाखवते, ती शांतपणे परत उलटं काढते. तिची आई शाळेच्या दारात भेटली. म्हणाली, "एजे, रागवा तिला. माझ्या मुलीला रागवल्याशिवाय कळत नाही." राग येत नाही, म्हटलं. ती म्हणाली, "येईल हो."

१४ डिसेंबर

शाई गोठते. पेन बगलेत धरून ठेवायचं, मग लिहायचं. झूराकान दर दोन दिवसांनी याकच्या शेणाच्या गोवऱ्यांचं पोतं आणून टाकते. एवढं नको, म्हटलं. "तुला नको असेल, मुलांना लागेल ना!" ती म्हणाली. बरोबर आहे. मुलं रोज असतातच.

२ जानेवारी

थंडीची सुट्टी. शाळा बंद, तरी मुलं येतात. छत, मावशी, पाहुणे, आणि आता उल्कानच्या घरी बाळाचे दात येतायत, ते रात्रभर रडतं.

काल नववर्षाला सगळे आगायांकडे जमले. ऐमखान आजीने मला शेजारी बसवलं, हात चाचपला. "बोटं थंड आहेत."

"थंडीच आहे, आजी."

"मांडीखाली घाल. ऊब आली की दुखतील बघ. दुखली म्हणजे बरी आहेत. न दुखणारं बोट गळून पडतं. माझ्या नवऱ्याची दोन गळली."

मग तिने सगळ्यांसमोर नवऱ्याच्या बोटांची गोष्ट सांगितली. तो हिवाळ्यात याक शोधायला गेला आणि बाटली शोधून परत आला. लोक पोट धरून हसले. मीही तोंड हसरं केलं. म्हातारीने माझ्याकडे मान वळवली. तिला दिसत नाही, तरी.

६ फेब्रुवारी

आज चूल पेटवली नाही. विसरले, असं नाही. गोवऱ्या होत्या, काडेपेटी होती, हातही होते. बसून होते. खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरला तो बघत होते. छान नक्षी होती.

गुलसून आली तेव्हा अंधार पडला होता. चूल पेटवली, चहा केला, वाडगा माझ्या हातात दिला आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहिली, जशी मी मुलांच्या समोर उभी राहते. मग तिने तिची गादी ओढून माझ्या गादीला लावली.

तिच्या घरचं छत आता झालंय. आता शेजारच्यांचं करतायत, म्हणून शेजारी त्यांच्याकडे झोपतात.

१६ मार्च

दुपारी नदीवर गेले. कपडे धुवायचे नव्हते, पाणी आणायचं नव्हतं. चालत गेले. बर्फ अजून पांढरा आहे, पण मधे, जिथे खालून गरम झरा येतो, तिथे काळपट झालाय. त्या काळपट भागाच्या कडेला उभी राहिले. खालून आवाज येत होता, पोटातून येतो तसा. तिथे थंडी वाजत नव्हती. पुढे काय आहे याचा विचार केला असं म्हणता येणार नाही. पायाखाली बारीक रेघ उमटली ती बघितली. नुकतीच काढलेली, अगदी सरळ रेघ.

"एजे!"

काठावर उल्कान उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

"एजे, तिथे उभं राहायचं नाही. आमची याक गेली तिथे."

"घरी जा, उल्कान."

"मला एक अक्षर विचारायचंय."

"उद्या विचार."

"उद्या विसरेन." आणि ती बर्फावर आली. सरळ माझ्याकडे, दोन्ही हात पसरून, छोटी पावलं टाकत. मी म्हटलं थांब. ती थांबली नाही. मी ओरडले बहुतेक, आवाज टेकडीवरून परत आला. मग मलाच मागे फिरावं लागलं. तिच्यापर्यंत गेले, तिची बाही धरली, काठावर आणली. तिची बाही धरलेली माझी मूठ घरी येईपर्यंत उघडत नव्हती.

दारात विचारलं, "कुठलं अक्षर?"

तिला आठवेना. लहान मुलांचं असंच असतं.

१७ मार्च

आजपासून दोघी येतायत. उल्कान आणि गुलसून. उल्कानच्या घरच्या बाळाचे दात, आणि शेजाऱ्यांचं छत. जागा पुरत नाही. मधे मी झोपते.

२ एप्रिल

ऐमखान आजी उठत नाही. जिल्ह्याच्या गावाहून डॉक्टरीण येऊन गेली. वय झालंय, एवढंच म्हणाली. आजीने मला बोलावलं. झूराकानला बाहेर घालवलं, "जा, चहा बघ. तुझ्या उकळीचा वास येतोय."

मग मला म्हणाली, "तुझा आवाज कसा आहे?"

"कसला आवाज?"

"गायचा. रडायचा. वेगळं काय त्यात! मी मेल्यावर कोशोक म्हणत रडायला गावात बायकाच उरल्या नाहीत. चांगल्या गळ्याच्या होत्या त्या तुमच्या देशात पळाल्या. झूराकान माझीच पोर, पण चार ओळींत तिचा गळा बसतो. तू बसशील माझ्या तंबूत?"

"बसेन, आजी. पण मला रडता येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"येत नाही. माझ्या स्वतःच्या…" पुढे बोलले नाही.

म्हातारीने माझा हात शोधला. "तू बाई आहेस ना? उल्कानला वाचता येत नाही तर तू काय करतेस?"

"परत परत दाखवते."

"मग? पहिली ओळ माझ्यावर म्हण. मी काही तुझी कोणी नाही, माझ्यावर रडणं सोपं आहे. खोटं रडलीस तरी चालेल. मी काही उठून विचारणार नाही." आणि स्वतःच हसली. हसताना तिला धाप लागली.

मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं.

१८ एप्रिल

आजी गेली. सकाळी, चहाच्या वेळी. चहा घेऊन गेली, झूराकान म्हणते, वाडगा रिकामा होता.

२० एप्रिल

परवा लिहायला बसले होते, तेवढंच लिहून झालं. काल दफन झालं. आज लिहिते.

घराशेजारी नमद्याचा तंबू उभारला. आजीला पडद्याआड ठेवलं. आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून ओळीने बसलो. मौलवी दारातून म्हणाले, "मोठ्याने रडू नका, मय्यताला त्रास होतो." सगळ्याजणी म्हणाल्या, "हो, मौलवी." ते वळले तसा पहिला आक्रोश उठला. बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून "आई गं, आमची आई" करत येत होते. दूरच्या कुरणांतूनही माणसं आली होती.

झूराकानने सुरुवात केली.

"पहाटे उठून आग पेटवलीस, माझ्या आई,
आता राखेवर कोण फुंकर घालील…"

म्हातारीने सांगितलं होतं तसंच झालं. चार ओळींत तिचा गळा बसला. नुसता श्वास येत राहिला. ओळीतल्या बाकीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग झूराकानने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी कमरेवर हात ठेवले. वर्गात कविता म्हणून दाखवतात तशी पहिली ओळ म्हटली. "अळणी म्हणून हसलीस मला, ऐमखान आजी, मीठ घालून चहा दिलास." आवाज कोरडा होता. दुसरी ओळही म्हटली, तिच्या नवऱ्याच्या बोटांची. मागून कोणी तरी रडता रडता हसलं. तिसरी ओळ सुचेना. म्हणून पहिलीच परत म्हटली, परत म्हटली. त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. पोटातून काही तरी वर आलं, उलटीसारखं. ते थांबवायला तोंडावर हात ठेवायचा होता, पण हात कमरेवरून निघेनात. मग आवाज झाला. फार मोठा. मला वाटलं, बाहेर कुत्रा ओरडतोय.

किती वेळ ते माहीत नाही. मी ऐमखान आजीचंच नाव घेत होते.

नंतर झूराकान पाण्याने माझं तोंड पुसत होती. तिची आई गेलेली, आणि ती माझं तोंड पुसत होती. म्हटलं, "माफ कर. तुझ्या आईवर म्हणायचं होतं, चांगलं जमलं नाही."

"जमलं की."

"मी काय म्हटलं ते आठवत नाही."

"पांढऱ्या चादरीवर एकटी का झोपलीस म्हणालीस. वह्या आधी का तपासल्या म्हणालीस. मीरगुल म्हणालीस. बायका तिच्यावरच रडल्या सगळ्या. माझ्या आईला काही वाईट वाटलेलं नसणार. तिने ठरवूनच केलंय हे, आयुष्यभर असेच डाव टाकले तिने."

मी विचारलं, "तिच्याबद्दल तुला कसं माहीत?"

"बुरुल," ती म्हणाली, "गाव केवढं आहे हे!"

घशातून आवाज निघत नाहीये. आणि अंग दुखतंय, कुठे असं नाही, सगळंच.

२४ एप्रिल

शाळा. घसा अजून बसलेला आहे. उल्कानला फळ्यावर तिचं स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. तिने पहिलं अक्षर उलटं काढलं. मी पुसलं. तिने परत उलटं काढलं. पुसलं. परत. आणि माझ्या हातून टेबलावर पट्टी आपटली.

"सप्टेंबरपासून! सप्टेंबरपासून एकच अक्षर, उल्कान! तुझ्या याकला शिकवलं असतं तर तिने लिहिलं असतं! डोळे आहेत की वाळल्या दह्याचे कुरुत बसवलेत खोबणीत?"

उल्कान माझ्याकडे बघत राहिली. मग तिने खडू घेतला आणि नाव सरळ लिहिलं. सगळं. सुबक अक्षरात. मी थक्क झाले. आणि ही पोर हसत सुटली, खडू टाकून दारातून बाहेर, माळावरून ओरडत, "आई, एजे रागावल्या! एजे रागावल्या गं!"

मागोमाग सगळा वर्ग उधळला. सुट्टीला अजून वेळ होता.

दुपारी उल्कानची आई वाडगाभर साय आणि ताजं नान घेऊन आली. मी माफी मागणार होते, लेकराला याक म्हटलं म्हणून. ती म्हणाली, "अजून काय काय म्हणालात? ती नीट सांगत नाही, हसतच सुटते." गुलसूनच्या घरून लोणी आलं. आगायांनी दारातून डोकावून, खाकरून विचारलं, "घसा कसा आहे?" आणि उत्तर न ऐकता गेले.

या लोकांचं काही कळत नाही.

२५ एप्रिल

आज कोणी झोपायला आलं नाही. दिवा लावून बसले. दोन्ही गाद्या घातल्या होत्या.

२८ एप्रिल

अजून कोणी येत नाही. मधल्या सुट्टीत गुलसूनला विचारलं, "शेजाऱ्यांचं छत झालं वाटतं शेवटी?"

"कुठलं छत, एजे?"

मग तिने जीभ चावली. कान लाल झाले. म्हणाली, "हो, हो. झालं," आणि पळाली. मी तिथेच उभी राहिले. उल्कानच्या आईला आठवून बघितलं. तिच्या धाकट्याला मांडीवर घेतलं होतं नववर्षाला. त्याला दात होते, तोंडभर, तेव्हाच.

घंटा द्यायची राहिली. मुलं खूप वेळ खेळली.

संध्याकाळी टेकडीवर गेले. केंजेबेकने फोन उचलला. म्हटलं, "मी रडले."

फोन चालू होता, त्याच्या ट्रकचं इंजिन ऐकू येत होतं. मग त्याने इंजिन बंद केलं.

"बोल," तो म्हणाला.

५ मे

आगाय परीक्षेचे कागद आणायला जिल्ह्याच्या गावी गेलेत, उद्या-परवा येतील. आजीच्या दिवसांना आलेले पाहुणेही काल गेले. दुपारी झूराकानकडे गेले तर ती चुलीजवळच्या रिकाम्या नमद्याकडे पाठ करून बसली होती. चहा उकळून उतू गेला होता. उतू गेलाय म्हटलं, तर म्हणाली, "हो का?"

जेवण उरकलं. दुसरी गादी गुंडाळून काखेत घेतली आणि अंधार पडायच्या आत माळ ओलांडून गेले. दार झूराकाननेच उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग वळकटीकडे.

"काय गं?"

"माझ्या खोलीत उंदीर झालेत," मी म्हटलं.

"उंदीर? इथे?"

"मोठे आहेत. झोपू देत नाहीत."

ती दारातच उभी राहिली. वारा आत येत होता. मग बाजूला झाली.

"या उंदरांचं काही खरं नाही बाई," ती म्हणाली आणि आपली गादी भिंतीकडे सरकवली.